दुभाष्याचे हात

सुवा, १८ फेब्रुवारी

शेनबाईंनी वर्गात सगळ्यांना रोजनिशी लिहायला सांगितली आहे. तीही चिनीत. मी लिहिलं, "आज ऊन आहे. मी भात खाल्ला." पुढे काय लिहू? अक्षरं येतात तेवढंच आयुष्य. आणि भात मी खाल्लाच नव्हता, कसावा खाल्ला होता. कसाव्याचं अक्षर येत नाही म्हणून भात. उद्या 'बोट'चं अक्षर नाही आलं तर लिहावं लागेल की मी सगळी वर्षं पायी हिंडलो. म्हणून ही वही वेगळी, आपल्या बेटावरच्या भाषेतली. ही कुणी तपासणार नाही.

पहिल्या तासाला बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, चिनी का शिकायचंय? कमलेश्नी म्हणून एक मुलगी आहे, तिच्या बापाचं लाउतोकाला हार्डवेअरचं दुकान. म्हणाली, "बाई, आमचे नळ तिकडून येतात आणि महिन्यात गळायला लागतात. तो माणूस फोनवर शपथा घेतो. नेमक्या कसल्या घेतो ते मला ऐकायचंय." पुढचे दोघं शिष्यवृत्तीवाले. एक जण नुसताच "भविष्य" म्हणाला आणि बसला.

माझी पाळी आली. म्हटलं, "मी ट्यूनाच्या बोटीवर होतो. सगळे चिनी. शिव्या येतात, बाकीचं शिकायचंय."

"एक म्हणून दाखवा."

दाखवली. बाईंचे कान लाल झाले. म्हणाल्या, "उच्चार फार छान. आता ही शिवी पदवी मिळेपर्यंत विसरा."

खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण अपिसाई काका. बाबा आमच्या कुळाचे मुखिया होते. ते गेले तेव्हा मी चौदाचा. रीतीनं ती जागा माझी, पण मी पळालो. उसाचे ट्रक, नांदीच्या हॉटेलातली भांडी, मग बोट. जागेवर काका बसले. डिसेंबरात ते मला शोधत धक्क्यावर आले, नवा शर्ट घालून. म्हणाले, "वेरे, आज ना उद्या नदीवर चिनी येणार. ज्याला त्यांची भाषा येत नाही तो फसतो. तू युनिव्हर्सिटीत जाऊन शीक. कुळाला स्वतःचं तोंड हवं." मी म्हटलं, काका, मी शाळा अर्धवट सोडलेला. तर म्हणाले, मोठ्या वयाच्या मुलांना वेगळी परीक्षा असते, मी चौकशी केलीय. फी? "चर्चची मदत आहे, तू विचारू नकोस."

माझा काही उपयोग आहे असं घरातलं माणूस पहिल्यांदाच म्हणालं. मी धक्क्यावरच हो म्हटलं.

५ मार्च

माझं बोलणं वर्गाच्या पुढे आणि अक्षरं वर्गाच्या मागे. त्यामुळे बाई मला गुरुवारी तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर दुभाष्याच्या सरावाला बसवतात. आज नियम सांगितले. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. मधे आपलं मत घालायचं नाही. आणि हात मागे बांधायचे.

"हात का?"

"तिथे तुम्ही फक्त तोंड असता. कुणी कागद दिला, पेला दिला, हातात हात दिला, घ्यायचा नाही. दुभाष्याला हात नसतात."

मी म्हटलं, बोटीवर असला माणूस पहिल्याच आठवड्यात समुद्रात गेला असता. तिथे काहीही निसटलं की ज्याच्या हाताशी असेल त्यानं धरायचं, विचार नंतर. जाळं, सुरी, माणूस. आमच्या बोटीचा आचारी एकदा उकळत्या पातेल्यासकट घसरला होता, त्याला मी कमरेच्या पट्ट्याला धरून... पण ते राहू दे. बाई म्हणाल्या, "म्हणूनच सांगतेय, वेरेनिकी." मला पूर्ण नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

२२ मार्च

आईचा फोन. गावी, वाईंदामूला, सगळं ठीक. नदीतल्या शिंपल्या, तिसऱ्या, यंदा मोठ्या लागल्या आहेत. नदीच्या वळणावर ती आणि बाकीच्या बायका रोज बुड्या मारतात आणि शनिवारी पोती भरून बाजारात. काकांनी घरावर नवे पत्रे घातले, होडीला नवं इंजिन घेतलं. अळकुड्यांना भाव चांगला असेल. मला बरं वाटलं, काका आहेत म्हणून घर उभं आहे.

आई म्हणाली, "खडीवाली कंपनी येऊन गेली. नदीचा गाळ उपसून खडी काढायची म्हणतात. आम्ही बायकांनी तुझ्या काकाला धरून चर्चमध्ये नेलं. पाद्र्यासमोर शपथ घ्यायला लावली."

"कसली?"

"की नदीसाठी कुणी दात आणला तर तो हात लावणार नाही."

आमच्याकडे कुठलंही मोठं मागणं देवमाशाचा दात समोर धरून करतात. कुळाच्या माणसानं तो हातात घेतला की मागणं मान्य. मग तोंडानं नाही म्हणून उपयोग नसतो. "बायकांना दात परतवता येत नाही," आई म्हणाली, "आम्ही लग्न करून आलेल्या. पण शपथ तर घ्यायला लावता येते. आता झोप लागते बाई."

काकांनी शपथ घेतली म्हणजे घेतली. मीही निर्धास्त झोपलो.

१९ एप्रिल

होस्टेलच्या फाटकावर एक गृहस्थ. दुआन. खडीच्या कंपनीचे. चिनीत म्हणाले, "वेरे ना तू?" माझं घरचं नाव त्यांना कसं ठाऊक म्हणून चाट पडलो. काकांनी सांगितलं असणार. मला नूडल्स खायला नेलं. म्हणाले, जूनमध्ये गावात बैठक आहे, मला तुमची भाषा येत नाही, तू दुभाष्या म्हणून येशील का? कुळाचा मुलगा असला की विश्वास बसतो.

मी कमलेश्नीला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या वर्षाच्या पोराला कंपनी दुभाष्या नेमते? माझ्या बापाला असं गिऱ्हाईक भेटलं तर तो आधी दुकानाला कुलूप लावेल."

"जळतेस."

"जळते ना. जळते. अक्षरं गिरव, उद्या चाचणी आहे."

चाचणीत नऊ अक्षरं चुकली. 'विश्वास' बरोबर आलं.

वाईंदामू, १८ जून

सुट्टी. घरी येऊन तीन दिवस नुसता खातोय. नारळाच्या दुधातल्या तिसऱ्या. बोटीवर मी कितीदा त्यांच्या वासाची स्वप्नं बघितली. आज आईबरोबर नदीत उतरलो. ती खाली जाते ती येतच नाही, मग एकदम बाजूला डोकं वर, पाठीवरच्या टोपलीत खुळखुळ. मला एका बुडीत चार मिळाल्या. बायका हसून बेजार. "युनिव्हर्सिटीत श्वास धरायला शिकवत नाहीत का रे?"

आई संध्याकाळी दारात बसते आणि रस्त्यानं कुणीही जावो, ओरडते, "ये, जेवून जा!" भांडलेली शेजारीण असो, बसचा ड्रायव्हर असो. मी एकदा म्हटलं, सगळे खरंच आले तर? म्हणाली, "न बोलावता आपण जेवलो तर घास घशाखाली कसा जायचा?"

आज हलकेच म्हणाली, "तू बोलणार आहेस ना बैठकीत? आम्हांला दाराशी बसवतील, आमचं कोण ऐकतंय. तू त्या कंपनीवाल्याला त्याच्या भाषेत नीट सांग, वळण सोड. वर डोंगराकडे काय घ्यायचं ते कुळ ठरवील, पण वळणाला हात नको." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं बाई तू शिकलास."

वाक्य चिनीत जुळवून पाठ केलं. बाईंना फोन करून तपासून घेतलं. त्यांनी एक शब्द बदलला आणि विचारलं, "हात?" मी म्हटलं, "मागे, बाई. मागे."

२१ जून

काल लिहिता आलं नाही. आज क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं तर कदाचित कळेल.

सभाघरात केवड्याच्या चटया. वरच्या अंगाला म्हातारे आणि काका, दाराशी बायका. दुआन आले, वाकून, रीतीच्या ओंजळीच्या टाळ्या देऊन मांडी घालून बसले. इतकी सहज मांडी मला नाही जमत आता. मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे. यांगोनाची वाटी फिरली. काका रंगात होते, म्हणाले, "पाहुण्यांना सांग वेरे, हे प्यायलं की जीभ बधिर होते, म्हणून आमच्यात खोटं आधी बोलून घेतात!" दुआन खदखदून हसले. मग मी चिनीत सांगितलं, तेव्हा पुन्हा हसले. काकांचा विनोद करतानाचा चेहराच तसा आहे, बहिरासुद्धा हसेल.

मग मी माझं वाक्य बोललो. नदीच्या वळणावर बायका तिसऱ्या काढतात, त्यावर त्यांची घरं चालतात, वळणाला हात लावू नका. एकही अडखळ नाही. दुआन मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "ऐकलं." मी सभेला सांगितलं, "ऐकलं म्हणतायत." दाराशी बायकांनी सुस्कारा टाकला तो मला ऐकू आला. इतका अभिमान मला बोटीवर मोठा मासा काढल्यावरही वाटला नव्हता. मनात म्हटलं, हे कारण. बाईंना सांगायचं कारण हे.

तेवढ्यात दुआननी पिशवीतून दात काढला. जुना, मधासारखा पिवळा, काथ्याच्या दोरीचा. दोन्ही हातांत धरून म्हणाले, "नदीसाठी. स्वीकार व्हावा." मी अजून तोंड उघडलं नव्हतं. त्यांचे हात थरथरायला लागले, दोरी निसटली, दात कलंडला.

"धर! वेरे, धर, पडतोय!" काका ओरडले.

मी धरला. दोन्ही हातांनी. तळव्यावर पडला तो, जड आणि गरम.

काकांनी ओंजळीची टाळी दिली, स्वीकाराची. "हात लागला!" म्हणाले. आणि म्हाताऱ्यांनी टाळ्या दिल्या. जन्मभराची सवय, एकानं दिली की दुसऱ्याचा हात आपोआप उठतो. टाळ्या पार दारापर्यंत जाऊन थांबल्या.

मला वाटलं, मी त्यांचं सामान सावरलंय. मी दुभाष्या आहे. मग वर पाहिलं. दुआनकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, जिथे बाबा बसायचे तिथल्या माणसाकडे बघतात तसे. आई उठली आणि बाहेर गेली.

नंतर काकांना गाठलं. "काका, हे काय केलंत?"

"मी?" त्यांनी दोन्ही तळवे दाखवले, कोरडे. "मी हात लावला का? पाद्र्यासमोर शपथ घेतलीय मी. दात थोरल्या घराच्या मुलानं घेतला. रीतीप्रमाणे झालं."

२४ जून

कागद आले. घरोघर सह्या झाल्या. दात घेतल्यावर सही न करणं म्हणजे बाबांच्या नावाला बट्टा, असं म्हातारे म्हणतात. बाबांच्या नावाला!

आई माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण समोर ठेवून आत जाते.

२९ जून

म्हातारे म्हणाले, घेतलेला दात परतवायचा तर त्याच्याबरोबर दुसरा, आपला, न्यावा लागतो. आपला कुठून आणू? आज दुआनचा दात घेऊन सुव्याला परत निघालो तर पिशवीत माझ्या सुलूंच्या, लुंग्यांच्या, खाली फडक्यात काहीतरी. बाबांच्या मयताला आईच्या माहेरून आलेला दात. तिनं ठेवताना सांगितलं नाही. मी बसमध्ये उघडून बघितला तेव्हा शेजारचा माणूस आदरानं सरकून बसला. मी खिडकीकडे तोंड करून नाउसोरीपर्यंत नाक ओढत होतो.

सुवा, ७ जुलै

शेनबाईंनी सगळं ऐकलं. रागावतील वाटलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही हात पुढे केला कारण पडणारी वस्तू धरायची तुम्हांला सवय आहे. ते ज्याला ठाऊक होतं त्यानं ती पाडली." मग कागद पुढे ओढून माझ्यासाठी एक विनंती लिहिली, इतकी नम्र की वाचताना माझीच पाठ वाकली. मी दोन दिवस घोकली. मला वाटतं ही अशी भाषा शिकण्यासाठीच लोक युनिव्हर्सिटीत येत असतील. शिव्या बोटीवर फुकट मिळतात. माफी मागायला शिक्षक लागतो.

९ जुलै

दुआनच्या ऑफिसात गेलो. गुडघ्यांवर बसलो, दोन्ही दात समोर धरले, विनंती म्हटली. अक्षर न् अक्षर बरोबर.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आणि मग बोलले. आपल्या भाषेत. आपल्याच नदीच्या हेलात, 'र' लांबवून, माझा मामा बोलतो तसं.

"ऊठ रे, वेरे. गुडघे दुखतील. झालं ते झालं."

मी उठलो नाही.

"माझी बायको वरच्या गावची," ते म्हणाले. "चौदा वर्षं सासुरवाडीत मांडी घालून बसतोय, भाषा नाही येणार? तुझं चिनी मात्र छान आहे. हे वाक्य शेननं लिहून दिलं ना? तिची ढब आहे."

"मग दुभाष्या कशाला हवा होता तुम्हांला?"

"मला नव्हता हवा. तुझ्या काकाला हवा होता. चर्चची मदत म्हणून फी भरली ती मी. तोंडाची फी नव्हती ती."

मी दात पुढे केले. म्हटलं, नुसता स्पर्श करा, परत घेतला म्हणा. त्यांनी हात मागे बांधले. अगदी बाई शिकवतात तसे.

१४ जुलै

होस्टेलनं कळवलं, चर्चची मदत थांबली.

कमलेश्नी म्हणाली, "माझ्या बापाला विचारते, दुकानात काम दे म्हणून."

"नळ विकू?"

"गळतील, पण कुठून गळतायत ते तरी कळेल." मग म्हणाली, "मी जळत नव्हते रे, गाढवा."

सहामाही परीक्षेत तोच प्रश्न होता. तुम्ही चिनी का शिकता, दहा ओळींत लिहा. दोन ओळी लिहिल्या: आज ऊन आहे. मी भात खाल्ला. बाईंनी त्याला गुण दिले की नाही ते बघायला गेलो नाही.

वाईंदामू, ११ सप्टेंबर

मी आता उपसायंत्रावर दुभाष्या आहे. आईचा दात काकांनी ठेवून घेतला, कुळाची वस्तू म्हणून. दुआन क्वचित येतात, यंत्रावरच्या माणसांना कुणाची भाषा येत नाही, आणि गावात दुसरं चिनी बोलणारं कुणी नाही. परत ट्यूनाच्या बोटीवर जावं असं रोज ठरवतो. रोज कुणीतरी विचारतं, डिझेल कुठे ठेवू, आणि मी भाषांतर करायला लागतो.

यंत्र वळणापासूनच सुरू झालं. खडी तिथेच चांगली म्हणे. पाणी विटेच्या रंगाचं. बायका पहिले काही दिवस उतरल्या, रिकाम्या टोपल्या घेऊन वर आल्या, मग उतरायच्या थांबल्या. बाजारात आमच्या जागेवर आता दुसऱ्या गावच्या बायका बसतात. आई शेतात कसावा लावते. काकांचं नवं घर पक्कं आहे. ते रस्त्यात भेटले की माझ्या पाठीवर थाप मारतात.

२ ऑक्टोबर

यंत्र चालवणारा झाई म्हणून आहे. हनानचा, लग्न होऊन वर्ष झालेला, फोनमधे बायकोचा फोटो दाखवत बसतो. वाईट नाही तो. आज दुपारी आम्ही दोघं आमच्या घरावरून चाललो होतो. आई दारात. तिनं त्याच्याकडे बघितलं. तोंड घट्ट मिटलेलं होतं. मग ते उघडलं, सवयीनं, कसं न उघडेल.

"ए चिनी पोरा! ये, जेवून जा!"

झाई थांबला. "मावशी काय म्हणतात?"

"जेवायला बोलावतायत. तुला."

तो लाजला, चपला काढून आत गेला. मी उंबऱ्याबाहेर. मला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं पान मांडलं, उकडलेला कसावा आणि दुकानातली डबाबंद मासळी. आत येऊन बस असं तो मला हातानं खुणावत होता. मी मान हलवली.

आई त्याच्याकडे बघून बोलत होती, मी दारातून त्याला सांगत होतो. मीठ पुरेसं आहे का. आहे. अजून घे. पोट भरलं. ती पंख्यानं माशा हाकत होती.

"घरी आई आहे का तुला?"

मी विचारलं. तो म्हणाला, आहे.

"मग तिला कळव म्हणावं, इथे तुझा मुलगा उपाशी राहत नाही."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी हात मागे बांधले, अर्धं पाऊल सरकलो, आणि त्याला चिनीत सांगितलं. एकही शब्द चुकला नाही.